बेडकीचा पाला

मी बोलघेवडी बाई आहे, हे आमच्या कासारवाडीत कुणालाही विचारा. नळावर, रेशनच्या रांगेत, कंपनीच्या बसमध्ये — माझं तोंड कधी बंद नसायचं. दादा म्हणायचा, शालनच्या तोंडात तीळ भिजत नाही. अहो, पण एक भिजला. चाळीस वर्षांच्या वर झाली, भिजतोच आहे. नवरा होता तोवर त्याला सांगितलं नाही. लेकीला सांगितलं नाही. विहारात डोळे मिटून बसते तेव्हा मनातल्या मनातसुद्धा ते पूर्ण वाक्य कधी म्हटलेलं नाही — अर्ध्यावर आलं की मी डोळे उघडते आणि आज कोण कोण आलंय ते बघत बसते.

मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखीचं माणूस समोर असलं की त्याच्या चेहऱ्याकडे बघत बोलावं लागतं. ते मला नाही जमायचं.

आधी मी कोण ते सांगते, म्हणजे — बघा, लगेच आडवळण! असू दे. आडवळणानंच जाऊ. सरळ निघाले तर मध्येच बसकण मारीन.

आमचे अप्पा इंजिनांच्या कारखान्यात हेल्पर. रुळांच्या कडेला दोन खोल्या, वर पत्रा. आमच्या अख्ख्या वस्तीत बी.एस्सी. झालेली पहिली मुलगी मी. आणि नोकरी कुठे, तर पिंपरीला, औषधांच्या कंपनीत, संशोधन विभागात! पांढरा कोट घालायला मिळायचा. अप्पांनी मला तो कोट घरी आणायला लावून फोटो काढून घेतला होता. त्यानंतर वर्षभरातच ते गेले. आई तर आधीच गेली होती.

त्या कोटानं माझं डोकं फिरवलं. खोकला झाला, शालनला विचारा. पोराला गोवर आला, शालनला विचारा. मी का डॉक्टर होते? काचेची भांडी धुण्यापासून सुरुवात केलेली पोरगी मी. पण 'मला माहीत नाही' हे तीन शब्द माझ्या तोंडाला यायचेच नाहीत. कुणी विचारलं की उत्तर तयार. आणि ते अशा ठसक्यात द्यायचे की समोरच्यानं मान डोलावलीच पाहिजे.

सुमनवहिनी आमच्या घरी आली तेव्हा मी नोकरीत रुळले होते. वहिनी म्हणजे दादाची बायको, चाकणच्या पुढे डोंगराकडेला गाव आहे तिथली. वयानं माझ्याएवढीच, पण मला 'ताई' म्हणायची. हसायला लागली की पदर तोंडात कोंबायची, तरी आवाज शेजारी जायचा. मला आवडायची हो ती. हे लिहिताना हात थांबतोय, पण खरं आहे — आवडायची.

वर्षभरात ती वाळायला लागली. तांब्यामागून तांब्या पाणी प्यायची, तरी घसा कोरडा. अंगावरचं मांस उतरलं, चोळ्या सैल झाल्या. बायका म्हणायला लागल्या, कुणी काही केलंय. मी सगळ्यांना गप्प केलं आणि तिला दवाखान्यात नेलं. साखर निघाली. डॉक्टरांनी मलाच बाजूला घेऊन समजावलं, कारण मी कोटवाली: जठराच्या मागे स्वादुपिंड असतं, त्यात इन्सुलिन करणाऱ्या पेशी असतात, हिच्या त्या पेशीच संपत आल्यात. आता इन्सुलिन बाहेरूनच द्यायचं. रोज. जन्मभर. एकही दिवस चुकवून चालणार नाही.

मग टोचायचं कुणी? दादा कारखान्यात इंजिनाचा ऐंशी किलोचा ब्लॉक हाताखाली फिरवणारा गडी, पण सुई बघितली की भिंतीला टेकायचा. एकदा तर खाली बसला, आणि त्यालाच पाणी मारावं लागलं. वहिनी आणि मी हसून हसून बेजार. तेव्हा काम माझ्याकडे आलं. काचेची सिरिंज पातेल्यात उकळायची, स्पिरिटचा बोळा फिरवायचा, एक दिवस मांडी, एक दिवस दंड. फ्रिज कुठला? इन्सुलिनची बाटली माठाखालच्या ओल्या वाळूत खुपसून ठेवायचो. पहिल्या शिफ्टची बस पकडायच्या आधी एकदा, आणि परत आल्यावर एकदा. वहिनी मान भिंतीकडे वळवायची. कधी 'हळू' म्हटलं नाही तिनं.

आता कंपनीतलं सांगते, म्हणजे दोन्ही टोकं जुळतील.

आमचे सर परदेशात शिकून आलेले. माणूस चांगला, पण कामापुढे कशाचं भान नाही. त्यांनी बेडकीचा पाला धरला होता. ही वेल आपल्याकडे कुंपणावर, बांधाच्या झुडपांत चढते. वैद्य लोक मधुमेहाला द्यायचे. तिची गंमत अशी की पान चावलं आणि वर साखर खाल्ली, तर साखर लागतच नाही. तोंडात वाळू टाकल्यासारखं वाटतं. सरांना बघायचं होतं, या पाल्याचा अर्क त्या इन्सुलिनच्या पेशींना इन्सुलिन सोडायला लावतो का.

त्यासाठी उंदराचं स्वादुपिंड घ्यायचं आणि त्यातली बेटं वेगळी करायची. बेटं म्हणजे त्या पेशींचे पुंजके — खसखशीहून बारीक. सूक्ष्मदर्शकाखाली बघत, केसासारख्या बारीक काचेच्या नळीनं, एकेक पुंजका श्वासानं ओढून उचलायचा. हे काम विभागात माझ्याइतकं कुणालाच यायचं नाही. सर म्हणायचे, शालनचा हात हललेला मी पाहिला नाही. मग काही बेटं नुसत्या क्षारांच्या पाण्यात, काही पाल्याच्या अर्कात ठेवायची, आणि त्यांच्या भोवतीच्या पाण्यात किती इन्सुलिन उतरलं ते मोजायला मुंबईला पाठवायचं.

आकडे आले तेव्हा सर खुर्चीतून उठलेच. अर्कातल्या बेटांनी कितीतरी जास्त इन्सुलिन सोडलं होतं! सरांनी पेढे मागवले, आणि आधी सगळ्यांना पान चावायला लावून मग पेढा दिला. आम्ही सगळे माती खाल्ल्यासारखी तोंडं करून उभे. काय हसलो होतो त्या दिवशी.

तोच खेळ मी घरी केला. ठकूमावशी आल्या होत्या — वहिनीची आई. लेकीला बघायला कांद्याच्या टेंपोत बसून यायच्या, आणि येताना शेंगा, हरभऱ्याची भाजी, काही ना काही घेऊन यायच्या. मी रुमालातून पानं काढली, तर म्हातारी म्हणते, "अगं बाय, ह्यो तर आमच्या बांधावर हाय की!" मी सगळ्यांना पान चावायला लावलं, वर चिमूट चिमूट साखर दिली. दादा थू थू करत बाहेर पळाला. ठकूमावशी मात्र गप्प बसून जीभ टाळूला लावून बघत होत्या. मग म्हणाल्या, "जिभंवरची साखर मारतो. मग रगतातली का न्हाई मारनार?"

इथे मला बोलायचं होतं. जिभेचा आणि रक्ताचा काही संबंध नाही, मावशी — एवढं एक वाक्य. मी काय म्हटलं? "वा मावशी, तुम्ही तर आमच्या सरांच्या पुढे गेलात!" आणि मग पेशी, बेटं, मुंबईचे आकडे, सगळं रंगवून सांगितलं. हा पाला पेशींकडून इन्सुलिन काढून घेतो, म्हणून सांगितलं. ज्यांच्यात पेशी शिल्लक आहेत त्यांच्याकडूनच काढून घेणार, हे नाही सांगितलं. कारण वहिनी माझ्याकडे बघत होती. पदर तोंडात न कोंबता, तोंड थोडं उघडं ठेवून. "म्हणजे माझी सुई सुटंल, ताई?"

"बघू," मी म्हटलं. डॉक्टर म्हणतात ना, अगदी तसं.

मग मी तिच्यावर तो पाला करूनही पाहिला. सुई चालू ठेवून, सोबत काढा. घरी लघवीतली साखर बघायचं निळं औषध होतं. परीक्षानळीत दिव्यावर तापवलं की साखर नसली तर निळं, थोडी असली तर हिरवं, मग पिवळं, फार असली तर विटेसारखं लाल. वहिनीचं कायम पिवळ्याच्या आसपास. काढा सुरू केला आणि हिरवं आलं! अख्ख्या घराला आनंद. पण मला का आलं ते समजत होतं. कडू काढ्यानं तिची अन्नावरची वासना उडाली होती, अर्धी भाकरीसुद्धा खात नव्हती. न जेवलेल्या माणसाची साखर कमी दिसेल, नाहीतर काय? मी ते मनातून ढकललं. हिरवं ते हिरवं.

आता निळ्या रंगाचं. नाही, ते घरचं औषध वेगळं, हा रंग वेगळा.

प्रयोगशाळेत एक निळा रंग असतो. पेशी जिवंत असली तर त्याला आत येऊ देत नाही. मेलेल्या, फाटलेल्या पेशीत तो शिरतो. एका दुपारी सर पुण्याला गेले होते, बेटं हाताशी होती, अर्कही होता. मी सहज — खरंच सहज — रंगाचा थेंब टाकला. साध्या क्षारांच्या पाण्यातली बेटं स्वच्छ राहिली. अर्कातली निळीशार झाली. परत केलं. परत तेच.

काय ते मला तिथल्या तिथे समजलं. पेशी इन्सुलिन देत नव्हत्या. अर्कानं त्यांची कातडी फाटत होती, आणि आतलं होतं नव्हतं ते बाहेर सांडत होतं. पोतं फाटून ज्वारी सांडली, म्हणून कुणी पोत्याला दाता म्हणेल का? निदान आम्ही लावत होतो तेवढ्या अर्कानं तरी हेच होत होतं. मी काच धुतली, जागेवर ठेवली, आणि चहाला गेले.

दुसऱ्या दिवशी सरांनीच विचारलं. हैदराबादला एक परिषद होती, तिथे ते हे काम मांडणार होते. जाता जाता म्हणाले, "शालन, बेटं शेवटपर्यंत जिवंत असतात ना?" मी म्हटलं, "हो, सर."

का? अहो, कारण त्याच्या आदल्या आठवड्यात ते म्हणाले होते की निबंधावर त्यांच्या नावाखाली माझं नाव येईल. छापलेलं. आणि मीही हैदराबादला यायचं, पेशी कशा उचलतात ते तिथल्या लोकांना दाखवायला. लोणावळ्याच्या पलीकडे मी जग पाहिलं नव्हतं. अप्पांचं आडनाव इंग्रजीत छापून येणार होतं. मी कशाला रंगाचं सांगतेय?

एवढ्यावर थांबलं असतं तर ते कंपनीचं, सरांचं आणि माझं पाप झालं असतं. उंदरांचं फार तर.

पण हैदराबादला जायचं म्हणजे तीन-चार दिवस वहिनीला टोचायचं कुणी? आमच्या डॉक्टरांचा कंपाउंडर दोन गल्ल्या सोडून राहायचा. एका शब्दावर आला असता. पण त्याच्याशी माझं वाजलं होतं. एकदा त्यानं वहिनीला टोचताना बुडबुडा तसाच ठेवला होता, आणि मी दहा लोकांत त्याची लाज काढली होती. आता त्याच्याच दारात जाऊन 'जरा याल का' म्हणायचं? माझं नाक केवढं! नाही गेले. वहिनीला स्वतःच्या मांडीत टोचायला शिकवलं, दोनदा तिनं घेतलंही. मग दादाला सांगून टाकलं, वहिनी आता स्वतः घेते, काही काळजी नाही. दादा खूश झाला, ओव्हरटाइम लावून मोकळा झाला.

निघायच्या आदल्या संध्याकाळी वहिनी म्हणाली, "ताई, तुमी समोर असता म्हनून जमतं. एकटीला हात कापतो माझा. औषध कमी-जास्त झालं तर?" ठकूमावशी शेजारी बसल्या होत्या. मी नाही म्हणून लेकीजवळ राहायला आल्या होत्या.

त्या क्षणी माझ्या मनात काय आलं, तेही सांगते. लपवायचं तर मग लिहायला कशाला बसले? मला वैताग आला. हिच्यापायी मी दोन वर्षं कुठे मुक्कामाला गेले नाही, मैत्रिणीच्या लग्नाला थांबले नाही, रोज पहाटे हिची सिरिंज उकळते, आणि आता माझी बॅग भरलेली असताना हिचा हात कापतोय! असं आलं मनात. तोंडावर हसू होतं, आणि आत हे.

आणि मी म्हटलं, "मग तेवढे दिवस सुई राहू दे. पाला घे."

मावशींकडे वळून सगळं सांगितलं. ताजा पाला आणा, असा करा, एवढा द्या, सकाळ-संध्याकाळ. "पहिले दोन दिवस मळमळेल, घाबरायचं नाही. पाला लागू पडतोय असं समजायचं." वहिनीला वर बजावलं, दादाला सांगू नकोस, तो उगाच आरडाओरडा करेल. ठकूमावशींनी सगळं मन लावून ऐकलं. एकदा परत विचारून घेतलं. "तुमी म्हनताय म्हंजे इचार करूनच म्हनत आसाल."

मला माहीत होतं का? हा प्रश्न मी इतक्या वेळा उलटासुलटा केलाय. तीन-चार दिवसांनी काय बिघडणार, असं वाटलं. थोड्या पेशी उरल्या असतील, असं वाटलं. हिरवं आलं होतं ना? — पण हे सगळं वाटणं मी तयार केलेलं. डॉक्टरांनी एकही दिवस चुकवू नका म्हटलेलं मला पाठ होतं. निळीशार बेटं मी या डोळ्यांनी पाहिली होती. होतं. माहीत होतं.

हैदराबादला माझं कौतुक झालं. हात हलला नाही.

परत आले ती दुपारच्या गाडीनं. कासारवाडी स्टेशनवर उतरले, तर शेजारची बाई समोर. माझी बॅग बघूनच रडायला लागली. मी तशीच दवाखान्यात गेले. वहिनी कॉटवर, शुद्ध नाही, छाती भात्यासारखी वरखाली. जवळ वाकले तर श्वासाला पिकून सडलेल्या फळाचा वास. तो वास इन्सुलिनवाचून रक्तात विष चढल्याचा, हे त्या खोलीत डॉक्टरांखालोखाल मला समजत होतं. दोन दिवस उलट्या होत होत्या. आणि मावशी तिला धीर देत होत्या — पाला लागू पडतोय, ताईंनी सांगितलंय, थोडं सोस.

डॉक्टर चिडलेले. "इन्सुलिन कुणी बंद केलं?" दादा माझ्याकडे बघेना, सासूकडे बघत होता. ओव्हरटाइम करून घरी आल्यावर त्याला तीच चुलीपुढे काढ्याचं पातेलं घेऊन बसलेली दिसली होती. ठकूमावशी भिंतीला टेकून उभ्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आता ही सांगेल, शिकलेली आहे, नीट सांगेल — असं त्या नजरेत होतं. शपथेवर सांगते, दुसरं काही नव्हतं.

मी म्हटलं, "मावशी, हे काय करून बसलात तुम्ही!"

मोठ्यानं म्हटलं. डॉक्टरांना, दादाला, सिस्टरला ऐकू जाईल असं.

त्यांचं तोंड उघडलं होतं, ते मिटलं. वहिनी दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. दादानं मातीच्या वेळी सासूला पुढे येऊ दिलं नाही, आणि सगळ्यांसमोर सांगितलं, परत माझ्या दारात पाय ठेवू नका. वस्तीतल्या बायका म्हणाल्या, खेड्यातली बाई, पाल्यापाचोळ्यावर विश्वास, पोरीचा जीव घेतला. मी त्यांच्यात उभी होते. मान हलवली की नाही, ते आठवत नाही. हलवली असणार.

तुम्हाला वाटलं असेल, हेच सांगायचं होतं मला. नाही हो. हे माझ्या मनात तरी रोज घडतं, याच्याशी माझी ओळख आहे. अर्ध्यावर थांबतं ते वाक्य वेगळंच आहे. याच्याही पुढचं.

चार-सहा महिने गेले असतील. कंपनी सुटल्याचा भोंगा झाला, आम्ही सगळ्या गेटमधून बाहेर पडलो, तर ठकूमावशी गेटसमोर उभ्या. उन्हात. डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. मला वाटलं, आली. आता सगळ्यांसमोर माझा उद्धार करणार. आणि खरं सांगते, एक मन म्हणत होतं, करू दे. एकदाचं होऊन जाऊ दे.

त्या जवळ आल्या. माझ्या बाहीला हात लावला. भांडायला नव्हत्याच आल्या.

"शालनबाय, येक इचारू का? मला झोप न्हाई लागत." मग इकडे तिकडे बघून हळूच म्हणाल्या, "तुमी सांगितल्यालं औषध खोटं आसनार न्हाई. माझ्याच हातानं कायतरी चुकलं. पाला मी जास्त उकळला का? म्हनून त्याचा गुन गेला का?"

समजतंय का तुम्हाला? ती माझ्यावर रागावलेली नव्हतीच कधी. दवाखान्यात ती गप्प बसली, ती मला वाचवायला नाही, घाबरूनही नाही. मी ओरडले, 'हे काय करून बसलात', ते तिनं खरं मानलं होतं! शिकलेली पोरगी म्हणतेय, म्हणजे आपण काहीतरी करून बसलो असणार. काय करून बसलो, तेवढंच तिला कळत नव्हतं. ते विचारायला ती चाकणच्या पलीकडून आली होती.

आमची बस सुटायला आली होती. ड्रायव्हर हॉर्न देत होता, मैत्रिणी खिडकीतून हाका मारत होत्या — शालन, चल गं. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं: मावशी, तुमचं काही चुकलं नाही. कारणही सांगायची गरज नव्हती. माझी चूक कबूल न करताही ते म्हणता आलं असतं. पण मग तिनं पुढचं विचारलं असतं. मग चुकलं कुणाचं?

मी म्हटलं, "हो मावशी. जास्त उकळला असेल."

हे ते वाक्य.

तिनं मान हलवली. "व्हय. मला वाटलंच व्हतं," म्हणाली. मग पिशवी माझ्या हातात दिली, भुईमुगाच्या शेंगा होत्या, आणि मला म्हणाली, "बरं झालं, सांगितलंत." मी पळत जाऊन बस पकडली. जागा मिळाली. शेंगा मैत्रिणींना वाटल्या. मी नाही खाल्ल्या, एवढं तरी आठवतं.

पुढे सरांच्या लक्षात आलं, पाला पेशी फोडतो म्हणून. ते काम बंद झालं, माझं नाव कुठे छापून आलं नाही. त्याचं मला काडीचं दुःख झालं नाही. माझं लग्न झालं, मी थेरगावला राहायला गेले, लेक झाली. पोरीचे लाड केले, लोकांची दुखणी-खुपणी काढली. भली बाई आहे असं म्हणतात मला. म्हणू देते.

ठकूमावशी त्यानंतर बरीच वर्षं जगल्या. त्या गेल्याचं समजलं तेव्हा मी गेले होते त्यांच्या गावी. दादा आला नाही. लोक म्हणाले, लेकीची नणंद असून आली बघा, केवढं मन. मावशींची सून रडत नव्हती, थकलेली होती. चहा देता देता सहज बोलून गेली — सासूबाईंनी इतकी वर्षं चुलीवर कधी काही ठेवलं नाही. भाकरी करायच्या नाहीत, दूध तापवायच्या नाहीत, चहासुद्धा नाही. शेतात राबायच्या, शेण काढायच्या, काही सांगा. पण 'आई, एवढं आधण ठेवा' म्हटलं की हात मागे घ्यायच्या. म्हणायच्या, माझ्या हाताला उकळायचा अंदाज न्हाई, माझी लेक गेली त्याच्यात. दारावर कुणी परकं आलं तरी हेच सांगायच्या.

मी चहा प्यायले. कप विसळून ठेवला.

पाला जास्त उकळला नव्हता. मी सांगितला होता, पाणी अर्धं आटेपर्यंत, तसाच त्यांनी उकळला होता. दवाखान्यातून घरी येऊन पातेलं मी स्वतः घासलंय, आतली खूण पाहिलीय. आणि तो कच्चा दिला असता, कमी उकळला असता, कसाही दिला असता, तरी सुमनवहिनी वाचणार नव्हती. हे मला त्या दिवशी गेटसमोर, मावशींचा हात माझ्या बाहीवर असताना, माहीत होतं.